नावांचे दप्तर आणि त्याची मालकी

शासनाच्या संकेतस्थळाचे नाव तालुक्याच्या कार्यालयातील संगणकावर टंकलिखित होते, त्या क्षणी त्या संगणकास नावाचा काहीच बोध होत नाही. जाळ्यावरील यंत्रे एकमेकांस आकड्यांनी ओळखतात. नाव दिले असता आकडा शोधून देण्याचे काम ज्या व्यवस्थेकडे सोपविलेले आहे, तिला ‘डोमेन नेम सिस्टीम’ किंवा संक्षेपाने ‘डीएनएस’ असे म्हणतात. ही व्यवस्था सुरळीत चालू असते तोवर तिचे अस्तित्वही कोणाच्या ध्यानात येत नाही. ती थांबली की मात्र उताऱ्यांचे संकेतस्थळ, शाळेची विद्यार्थी-नोंदणी आणि कार्यालयाचा ई-टपाल ही सर्व एकाच वेळी बंद पडल्यासारखी दिसतात. वस्तुतः ती यंत्रे चालूच असतात. त्यांचा पत्ता सांगणारा तेवढा गप्प झालेला असतो.

असे गप्प होण्याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एक कारण अगदी साधे असूनही वारंवार आढळते. पत्त्यांची फाईल जागेवर असते, तिच्यातील मजकूर बिनचूक असतो, परंतु जो प्रोग्राम ती वाचून उत्तर देणार, त्यालाच ती उघडण्याचा अधिकार राहिलेला नसतो. फाईल कोणाच्या मालकीची असावी, कोणी ती वाचावी आणि कोणी तिच्यात लिहावे, या प्रश्नाचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. ज्यांच्याकडे स्वतःचा नेम सर्व्हर आहे अशा संस्थांतील तंत्रज्ञांस ते उपयोगी पडेलच. परंतु देखभालीच्या करारावर ज्यांची सही असते, त्या अधिकाऱ्यांसही कंत्राटदाराला नेमके काय विचारावे हे त्यावरून कळू शकेल.

एका यादीपासून विखुरलेल्या दप्तरापर्यंत

प्रारंभी ही सारी नावे एकाच फाईलीत मावत असत. अमेरिकेतील ‘आर्पानेट’ या जाळ्यावरील यंत्रांची यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई आणि प्रत्येक ठिकाणचे व्यवस्थापक तिची प्रत उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नव्या व्यवस्थेची रचना मांडली आणि १९८७ मध्ये तिची आजही आधारभूत असलेली मानके प्रसिद्ध झाली. या रचनेचे मर्म अधिकारांच्या विभागणीत आहे. सर्वांत वर मूळ. त्याखाली देशाचा नामवर्ग. त्याखाली राज्य, संस्था, कार्यालय. प्रत्येकाने आपल्या क्षेत्रापुरते दप्तर सांभाळावयाचे आणि खालच्या क्षेत्रासाठी ‘अमुकाकडे विचारा’ एवढेच सांगावयाचे. आपल्या देशात ‘डॉट इन’ या नामवर्गाची नोंदवही ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते, तर शासकीय कार्यालयांसाठी राखून ठेवलेल्या ‘गव्ह डॉट इन’ची नोंदणी राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे आहे. २०१४ पासून देवनागरीतील ‘डॉट भारत’ हा नामवर्गही उपलब्ध असून त्यात मराठी व कोकणी नावांची नोंदणी होऊ शकते.

या दप्तरातील एका क्षेत्राच्या नोंदी ज्या फाईलीत असतात तिला ‘झोन फाईल’ म्हणतात. ती साधी मजकुराची फाईल असते; कोणत्याही संपादकात उघडावी, बदलावी, साठवावी. ती वाचून उत्तरे देणाऱ्या प्रोग्रामांत सर्वाधिक परिचित म्हणजे ‘बाइंड’. त्याचा जन्म १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत झाला आणि त्याच्या नावातील ‘बी’ हे अक्षर बर्कलीचेच आहे. प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रोग्रामाचे नाव ‘नेम्ड’. पुढील सर्व विवेचन लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या बाइंडला धरून आहे.

मालक, गट आणि इतर

लिनक्सने ही पद्धत युनिक्सकडून घेतली. प्रत्येक फाईलीला एक मालक असतो आणि एक गट असतो. या दोहोंत न बसणारे सर्व ‘इतर’. या तिघांपैकी प्रत्येकास वाचण्याची, लिहिण्याची व चालविण्याची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. वाचनास ४, लेखनास २ व चालविण्यास १ असे अंक ठरलेले आहेत आणि त्यांची बेरीज करून तीन अंकी संख्या लिहितात. ६४० या संख्येचा अर्थ असा की, मालकाने वाचावे व लिहावे, गटाने केवळ वाचावे, इतरांस फाईल बंद.

डिरेक्टरीच्या बाबतीत या तीन परवानग्यांचे अर्थ थोडे निराळे होतात, आणि घोटाळा होतो तो बहुधा येथेच. डिरेक्टरी वाचणे म्हणजे तिच्यातील नावांची यादी पाहणे. तिच्यात लिहिणे म्हणजे नवी फाईल निर्माण करणे, असलेली पुसणे किंवा तिचे नाव बदलणे. आणि ‘चालविणे’ म्हणजे तिच्यातून पलीकडे जाणे. परिणामी, फाईल दुसऱ्याच्या मालकीची असली तरी तिची डिरेक्टरी ज्याच्या हाती, तो ती फाईल पुसून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला आतील वहीवर कोणाचे नाव आहे याने अडत नाही, तसेच हे.

मालक बदलण्यासाठी ‘चेंज ओनर’ या शब्दांचा संक्षेप असलेली ‘चाऊन’ ही आज्ञा आहे. तिला मालकाचे व गटाचे नाव मध्ये अपूर्णविराम घालून एकदमच देता येते. परवानग्या बदलण्याची आज्ञा ‘चमॉड’. दोन्ही आज्ञा शिकावयास पाच मिनिटे पुरतात. त्या कोठे वापरू नयेत हे शिकावयास अधिक वेळ लागतो.

नक्कल देणाऱ्याच्या हाती लेखणी कशाला?

गावदप्तराची पद्धत वाचकांस परिचित आहे. फेरफाराची नोंद तलाठी गाव नमुना सहामध्ये घेतो, संबंधितांस नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि त्यानंतर सातबारा बदलतो. उताऱ्याची नक्कल मात्र कोणालाही मिळते. खिडकीत बसून नकला देणाऱ्याला दप्तर वाचता आले पाहिजे. त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार त्याला असण्याचे कारण नाही. नेम सर्व्हरवर नेम्ड हा प्रोग्राम या नक्कल देणाऱ्याच्या जागी आहे. जगातील कोणीही अनोळखी यंत्र त्याला प्रश्न विचारू शकते, म्हणून फसविला जाण्याचा धोकाही सर्वांत अधिक त्यालाच.

हा धोका काल्पनिक नाही. डीएनएसचे प्रश्न ५३ क्रमांकाच्या पोर्टवर येतात आणि १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट उघडण्याचा अधिकार युनिक्सच्या परंपरेप्रमाणे केवळ ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्यास असतो. त्यामुळे पूर्वी पुष्कळ ठिकाणी नेम्ड आरंभापासून अखेरपर्यंत रूटच्याच अधिकाराने चालत असे. २००१ च्या जानेवारीत बाइंडच्या आठव्या मालिकेतील एक गंभीर दोष जाहीर झाला व दुरुस्त आवृत्तीही निघाली. मार्च महिन्यात ‘लायन’ नावाचा स्वयंप्रसारी प्रोग्राम याच दोषातून दुरुस्ती न केलेल्या लिनक्स यंत्रांत शिरला आणि तेथील परवलीच्या शब्दांच्या फाईली बाहेर पाठवू लागला. नेम्ड रूट म्हणून चालत असल्यास नेम्डमध्ये शिरलेला आपोआप संपूर्ण यंत्राचा स्वामी होत असे.

आताची पद्धत याहून शहाणपणाची आहे. नेम्डची सुरुवात रूटच्या अधिकाराने होते. पोर्ट उघडला की तो अधिकार खाली ठेवून तो एका साध्या वापरकर्त्याच्या नावाने काम करू लागतो. रेड हॅटच्या कुळातील प्रणालींत या वापरकर्त्याचे नाव ‘नेम्ड’ असते, डेबियन व उबुंटूमध्ये ‘बाइंड’. या वापरकर्त्यास प्रवेशाचा परवलीचा शब्द नसतो. तो केवळ अधिकार मर्यादित करण्यापुरता निर्माण केलेला असतो. फाईलींच्या मालकीचा प्रश्न येथूनच उद्भवतो, कारण रूटने केलेली फाईल या साध्या वापरकर्त्यास वाचता येईलच असे नाही.

योग्य मांडणी कोणती

नियम एका वाक्यात सांगता येतो: जे नेम्डने केवळ वाचावयाचे ते रूटच्या मालकीचे व नेम्डच्या गटाचे असावे, जे त्याला स्वतः लिहावे लागते तेवढेच त्याच्या मालकीचे असावे.

रेड हॅटच्या कुळात मुख्य विन्यास-फाईल ‘ईटीसी’ या डिरेक्टरीत असते. तिचा मालक रूट, गट नेम्ड आणि परवानगी ६४०. तिच्यात परस्परांची ओळख पटविण्याच्या गुप्त किल्ल्या असू शकतात, म्हणून ‘इतरांस’ काहीही नाही. झोन फाईली ‘व्हार’मधील ‘नेम्ड’ या डिरेक्टरीत असतात. त्यांनाही हाच मालक, हाच गट व हीच परवानगी योग्य. या डिरेक्टरीची परवानगी अलीकडच्या आवृत्त्यांत १७७० असते. आरंभीचा जादा १ मोठ्या कामाचा आहे: त्याच्यामुळे नेम्डला तेथे नवी फाईल करता येते, परंतु रूटच्या मालकीची फाईल पुसता अथवा बदलून टाकता येत नाही. कपाटाच्या किल्लीची जी अडचण वर सांगितली, तिच्यावरचा हा उपाय होय. तिच्या आत ‘स्लेव्हज’, ‘डायनॅमिक’ व ‘डेटा’ या उपडिरेक्टऱ्या असतात आणि त्या मात्र पूर्णपणे नेम्डच्या मालकीच्या असतात.

डेबियनच्या कुळात विन्यास-फाईली ‘ईटीसी’तील ‘बाइंड’ डिरेक्टरीत असतात. मालक रूट, गट बाइंड. आणि डिरेक्टरीवर अशी खूण असते की तिच्यात निर्माण होणारी प्रत्येक फाईल आपोआप बाइंड गटाचीच व्हावी. लिहिण्याच्या जागा ‘व्हार’खाली निराळ्या दिलेल्या आहेत. ही विभागणी रेड हॅटच्या विभागणीपेक्षा समजावयास सोपी आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वाचावयाचे एका कपाटात, लिहावयाचे दुसऱ्या.

नेम्डला लिहावे तरी कशासाठी लागते? तीन प्रसंगी. पहिला प्रसंग दुय्यम सर्व्हरचा. मुख्य सर्व्हरकडून झोनची प्रत आली की तो ती तात्पुरत्या नावाच्या फाईलीत लिहितो आणि मग तिचे नाव बदलतो. म्हणजे नुसत्या फाईलीवर लेखनाधिकार देऊन भागत नाही, डिरेक्टरीवरही तो लागतो. दुसरा प्रसंग यंत्रांच्या नोंदी आपोआप अद्ययावत होणाऱ्या झोनचा. तेथे नेम्ड प्रत्येक बदल आधी एका रोजकीर्द-फाईलीत टिपतो व सवडीने मूळ फाईल नव्याने लिहितो. रोजकीर्द उघडता आली नाही तर बदल नाकारला जातो.

तिसरा प्रसंग विश्वासाच्या किल्ल्यांचा. उत्तरांवर अंकीय सही असते आणि ती तपासण्यासाठी मुळाची किल्ली सर्व्हरजवळ असावी लागते. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ही मूळ किल्ली जगभर प्रथमच बदलण्यात आली. नवी किल्ली आगाऊ पाहून, ठरावीक काळ थांबून ती आपल्या फाईलीत नोंदविण्याची व्यवस्था बाइंडमध्ये आहे. परंतु त्या फाईलीची डिरेक्टरी नेम्डला लिहिता येत नसेल तर ही नोंद टिकत नाही, आणि एरवी सर्व काही ठीक दिसत असते. याउलट, आपल्या झोनवर सही करण्याच्या खासगी किल्ल्या नेम्डखेरीज कोणासही वाचता येता कामा नयेत; त्यांची परवानगी ६०० असावी.

बिघाड होतो कसा आणि कळतो केव्हा

बहुतेक वेळा बिघाडाचा आरंभ निरुपद्रवी कामातून होतो. एखादा तंत्रज्ञ रूट म्हणून नवी झोन फाईल करतो. त्या यंत्रावर सुरक्षिततेसाठी नव्या फाईलींच्या परवानग्या कडक ठेवलेल्या असतात. फाईल रूटच्या मालकीची, रूटच्याच गटाची आणि ६०० परवानगीची होते. किंवा राखीव प्रतीवरून फाईल परत आणताना मूळ मालक गळतो. यंत्र बदलताना तर आणखी एक खोच असते. चकतीवर मालकाचे नाव लिहिलेले नसते, क्रमांक असतो. रेड हॅटच्या कुळात नेम्डचा क्रमांक २५ असतो. दुसऱ्या कुळाच्या यंत्रावर २५ क्रमांक त्याच वापरकर्त्याचा असेलच असे नाही. क्रमांकानिशी प्रत उतरविली तर मालकी भलत्याच्याच नावे लागते.

यातील खरी अडचण अशी की बिघाड झाल्याक्षणी काहीच होत नाही. नेम्ड झोन फाईल वाचून आपल्या स्मृतीत ठेवतो व उत्तरे तेथून देतो. फाईल वाचण्याचा अधिकार गेला तरी चालू असलेला नेम्ड जुनी माहिती देत राहतो. पुन्हा वाचण्याची आज्ञा दिली असता तो नोंदवहीत ‘परवानगी नाकारली’ असे लिहितो आणि जुन्यावरच काम चालवितो. नोंदवही कोणी पाहिली नाही, तर दिवस उलटतात. मग एखाद्या रात्री वीज जाते, किंवा प्रणालीच्या अद्ययावतीकरणानंतर यंत्र पुन्हा सुरू होते. स्मृती रिकामी, फाईल वाचता येत नाही, आणि सर्व्हर त्या झोनविषयीच्या प्रत्येक प्रश्नास ‘सर्व्हफेल’ हे उत्तर देऊ लागतो. तोवर ज्याने फाईल बदलली तो रजेवर असतो, आणि ‘काल तर काही केले नाही’ हे सर्वजण प्रामाणिकपणे सांगतात.

दुय्यम सर्व्हर असेल तर गोष्ट आणखी लांबते. मुख्य सर्व्हर निरुत्तर झाला तरी दुय्यम सर्व्हर आपल्या प्रतीवरून, झोनमध्येच लिहिलेल्या मुदतीपर्यंत, उत्तरे देत राहतो. ही मुदत सामान्यतः दोन ते चार आठवड्यांची ठेवावी अशी शिफारस आहे. संस्थेला वाटते सर्व ठीक. प्रत्यक्षात ती एका पायावर उभी असते. आणि दुय्यम सर्व्हरलाच आपली प्रत चकतीवर लिहिता येत नसेल, तर तीही केवळ स्मृतीत असते. मुख्य सर्व्हर बंद असताना दुय्यम यंत्र पुन्हा सुरू झाले, तर ते नाव जाळ्यावरून नाहीसे होते. दोन यंत्रे ठेवण्याचा खर्च ज्या आपत्तीसाठी केला, त्याच आपत्तीत तो वाया जातो.

तपासणी

झोन फाईल तपासण्याचे साधन बाइंडबरोबरच मिळते आणि ते उत्तम आहे. परंतु ते रूट म्हणून चालविले तर ते फाईल रूटच्या डोळ्यांनी वाचते. रूटला सर्व दारे उघडी; मग साधन ‘ठीक’ म्हणते आणि नेम्ड मात्र अडतो. म्हणून तपासणी नेम्डच्याच नावाने करावी. ‘सुडो’ या आज्ञेस नेम्ड हे वापरकर्त्याचे नाव देऊन त्याच्या वतीने फाईल वाचून पाहावी; वाचता आली तर मालकी व परवानगी बरोबर. या एका कृतीने तासन्‌तासांचा तर्कवितर्क वाचतो.

वाचता आली नाही तर केवळ फाईलीकडे पाहू नये, मुळापासून फाईलीपर्यंतची प्रत्येक डिरेक्टरी पाहावी. ‘नेमआय’ ही आज्ञा वाटेवरील प्रत्येक टप्प्याचा मालक व परवानगी एकाखाली एक दाखविते. मधल्या एकाच डिरेक्टरीतून पलीकडे जाण्याची परवानगी नसली तरी पुढचे सारे व्यर्थ होते. परवानग्या एकसारख्या करण्याच्या उत्साहात डिरेक्टऱ्यांसकट सर्वांस ६४० लावून टाकल्याने अशी अवस्था होते.

मालकी व परवानगी दोन्ही बरोबर असूनही दार उघडत नसेल, तर त्यावर दुसरे कुलूप आहे असे समजावे. रेड हॅटच्या कुळात ‘एसई-लिनक्स’ प्रत्येक फाईलीवर एक चिठ्ठी लावते. घरच्या डिरेक्टरीतून हलवून आणलेल्या फाईलीवर जुनीच चिठ्ठी राहते व नेम्डला ती नाकारली जाते. ती पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोअरकॉन’ ही आज्ञा आहे. उबुंटूमध्ये ‘ॲप-आर्मर’ हे पहारेकरी विन्यासाच्या डिरेक्टरीत नेम्डला लिहूच देत नाही. म्हणून आपोआप बदलणारी झोन तेथे ठेवून मालकी कितीही बदलली तरी उपयोग होत नाही. ती ‘व्हार’खालील जागेतच न्यावी लागते. ही कुलुपे काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. तो घेऊ नये.

दोन घाईचे उपाय आणखी आहेत. सर्वांस ७७७ लावणे हा पहिला. मग त्या यंत्रावरील कोणताही वापरकर्ता, त्यात तेथेच चालणाऱ्या संकेतस्थळाचा सदोष प्रोग्रामही आला, संस्थेच्या नावापुढे हवा तो पत्ता लिहू शकतो आणि नागरिक भलत्याच यंत्रावर जाऊन आपली माहिती भरतात. दुसरा उपाय, सर्व डिरेक्टरी आतील सर्वांसकट नेम्डच्या मालकीची करून टाकण्याचा. तो काम भागवितो, म्हणूनच लोकप्रिय आहे. परंतु नक्कल देणाऱ्याच्या हाती अशा रीतीने संपूर्ण दप्तर व लेखणी जाते. नेम्डमध्ये उद्या एखादा दोष निघाला, तर शिरणारा उत्तरेच काय, मूळ नोंदीही बदलून जाईल.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा: प्रथम सध्याचे मालक व परवानग्या यांची यादी एका फाईलीत उतरवून ठेवावी, मग दोषी फाईलीचा मालक व गट, त्यानंतर परवानगी, त्यानंतर चिठ्ठी दुरुस्त करावी, नेम्डच्या नावाने फाईल वाचून पाहावी आणि मगच झोन पुन्हा वाचण्याची आज्ञा द्यावी. नोंदवहीत त्या झोनपुढे नवा अनुक्रमांक दिसला पाहिजे. ‘डिग’ या साधनाने मुख्य व दुय्यम अशा दोन्ही सर्व्हरांस थेट प्रश्न विचारून दोघांचा अनुक्रमांक एकच येतो हे पाहावे. नंतर, कामाची वेळ संपल्यावर आणि संबंधितांस पूर्वसूचना देऊन, नेम्ड एकदा थांबवून पुन्हा सुरू करावा. रात्री वीज गेल्यावर जे घडणार, ते तंत्रज्ञ समोर असताना घडलेले बरे.